कांचीच्या पालीला लागलेला हात

दोन वर्षं आमच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये जिथे बघावं तिथे मोरपिसं होती. दाराच्या चौकटीवर, ट्यूबलाइटच्या मागे, देव्हाऱ्याशेजारी, फ्रिजवर, अगदी बाथरूमच्या खिडकीतसुद्धा. मोरपीस असलं की पाल फिरकत नाही, असं माझे सासरे मानतात. पालींना हे कोणी कळवलेलं नसावं, कारण त्या यायच्या त्या येतच होत्या. मग मामंजी झाडू घेऊन उठायचे.

सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत या घरातली. आमच्या सांगलीत हा शब्द माझ्या आजीबरोबर गेला. इथे तंजावरकडच्या मराठी घरांत तो अजून रोजच्या वापरात आहे, आणि लग्न होऊन आले तेव्हा मला तो उच्चारताना हसू यायचं. मामंजींचं नाव बालाजीराव. रेल्वेतून निवृत्त झाले, ऐंशी कधीच ओलांडली, पण पाठ ताठ आणि शर्ट रोज इस्त्रीचा. मी ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच करायचं, असं रंगा माझ्याबद्दल म्हणायचा. रंगा माझा नवरा. तो कसा गेला ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून ते आधी सांगते.

गुरुवारची सकाळ होती. रंगा दारात बूट घालायला वाकला होता. चौकटीवरून एक पाल सुटली ती थेट त्याच्या डोक्यावर पडली आणि तिथून उडी मारून चपलांच्या मागे पसार झाली. आमची मुलगी भव्या तेव्हा आठवीत होती. ती टेबलापाशी इडली खात होती, ती खो खो हसायला लागली. रंगाही हसला. मामंजी मात्र पांढरे पडले. पाल अंगावर पडली किंवा सरडा अंगावर चढला, तर कुठल्या अवयवाला काय फळ, हे पंचांगात छापलेलं असतं आणि मामंजींना ते तोंडपाठ आहे. पुरुषांना उजवं अंग चांगलं, बायकांना डावं. डोकं दोघांनाही वाईट, कारण डोक्याला मरणाचं भय.

याच्यावर उपायही असतो. कांचीपुरमला वरदराज पेरुमाळच्या देवळात छताला एक सोन्याची आणि एक रुप्याची पाल आहे. पायऱ्या चढून त्यांना हात लावला की पालीचा दोष लागत नाही. आणि ज्याला कांचीला जायला जमत नाही, त्यानं हात लावून आलेल्या माणसाच्या पाया पडावं, तेवढ्यानंही भागतं. मामंजींनी लहानपणी आपल्या आजोबांच्या खांद्यावर बसून त्या पालीला हात लावला होता. म्हणजे उपाय घरातच उभा होता, रंगापासून हातभर अंतरावर.

"मला नमस्कार कर," मामंजी म्हणाले. "पाय शिव आणि मग जा."

"संध्याकाळी करतो, अण्णा," रंगा म्हणाला. एका पायात बूट, दुसरा हातात, डोळा घड्याळावर. भव्याकडे बघून त्यानं डोळा मिचकावला, ती आणखी हसली, आणि तो गेला. मांबलम स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर त्याला दरदरून घाम फुटला. तो खाली बसला आणि उठला नाही. डॉक्टर म्हणाले, शिरा आधीपासूनच बंद होत आल्या असणार. छातीत जळजळतं म्हणून तो कित्येक महिने पित्ताच्या गोळ्या खात होता. डॉक्टरांचं म्हणणं मी ऐकलं, भव्यानं ऐकलं. मामंजींनी ऐकलं नाही.

मला त्या दिवसांत सगळ्यांचा राग यायचा आणि सगळ्यांत जास्त रंगाचा. वाकायला कितीसा वेळ लागला असता? पाल खरी की खोटी हा प्रश्नच नव्हता. म्हाताऱ्या बापाचं मन राखायचं होतं, एवढंच. वाकला असता तरी तो गेला असता, हे मला कळतं. पण मग मागे राहिलेला म्हातारा रात्री उठून चौकटी तपासत फिरला नसता.

तेव्हापासून मोरपिसं आली आणि झाडू आला. मी काही बोलले नाही, कारण प्रत्येकाचं दुःख कुठेतरी खर्ची पडायला हवं असतं. भव्याला ते सोसलं नाही. मागच्या डिसेंबरात मामंजींनी तिच्या खोलीत एक पाल झाडूनं मारली. तुटलेली शेपटी तिच्या टेबलावर कितीतरी वेळ वळवळत होती. भव्या ती शेपटी बघत उभी राहिली आणि मग आजोबांना तमिळमध्ये म्हणाली, "तिनं काय केलं होतं? अप्पांचं हार्ट खराब होतं. तुम्ही उगाच जीव घेत सुटलाय." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला ताट घेऊन खोलीत जायची. मामंजी तिला काही विचारायचं तर मला विचारायचे, आणि मी या खोलीतून त्या खोलीत निरोप पोचवायचे.

असं पोस्टमन होऊन मी वर्ष काढलं असतं, दोन काढली असती. भीती मला वेगळीच होती. मामंजींचं वय झालेलं. हे असंच राहिलं आणि एक दिवस ते गेले, तर भव्याचंही त्यांच्यासारखंच होईल, राहून गेलेली एक गोष्ट उराशी धरून जन्मभर बसेल. एका घरात असा एक माणूस पुरे झाला होता.

दहावीची परीक्षा संपली आणि भव्यानं मागणी केली. "आई, मला बिअर्डेड ड्रॅगन पाळायचाय."

मी भाजी चिरत होते. "म्हणजे काय?"

तिनं मोबाइल समोर धरला. काट्याकाट्यांची मान, चपटं अंग, वाळूचा रंग आणि चेहऱ्यावर एखाद्या निवृत्त हेडमास्तरांचा भाव.

"हा सरडा आहे," मी म्हटलं.

"ऑस्ट्रेलियाचा आहे. शांत असतो. चावत नाही, वास नाही, आवाज नाही. उबेचा दिवा आणि पाला लागतो, बस."

"भव्या, तू हे मुद्दाम करते आहेस ना? तात्तांना डिवचायला?" ती मामंजींना तमिळ मुलांसारखं तात्ता म्हणते.

ती मोबाइलच्या काचेवर अंगठा घासत राहिली. मग म्हणाली, "नाही. मला बघायचंय, की असा एक जीव घरात राहिला, रोज अंगाखांद्यावर खेळला, तरी कोणाला काही होत नाही." तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "मी त्या दिवशी हसले होते, आई."

ती हसली होती हे मला माहीत होतं. ते तिच्या मनात असं बसलंय, हे मला माहीत नव्हतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण मी सुरी खाली ठेवेपर्यंत तिनं डोळे पुसले आणि चेहरा पुन्हा बंद केला. ही सवय तिनं माझ्याकडून घेतली आहे.

मी व्यवहाराचं बोलले. मला तेच जमतं. "मी सकाळी कंपनीच्या बसनं जाते ती अंधार पडताना येते. तू शाळेत. दुपारी त्याचा दिवा कोण बघणार? पाला कोण घालणार? करंट गेला तर काय? घरी फक्त तात्ता असतात. तेव्हा त्यांना विचार. ते हो म्हणाले तर घेऊ."

मला वाटलं, विषय मिटला. भव्या मात्र तशीच उठून बाल्कनीत गेली. मामंजी तिथे पेपर पसरून शेवग्याचा पाला निवडत बसले होते.

"तात्ता," ती म्हणाली.

मामंजींचा हात थांबला. डिसेंबरनंतर ही हाक त्यांनी ऐकली नव्हती.

भव्याचं मराठी अर्धंकच्चं आहे. तमिळ किंवा इंग्रजी तिला सोपं जातं. पण त्या वेळी ती मराठीत बोलली, तेही त्यांच्या मराठीत, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून शिकलेल्या, ज्यात 'हवा'ला 'होणे' म्हणतात. "तात्ता, मला एक सरडा होणे. घरात ठेवायला. तुम्ही हो म्हणट्ल्याविना आई देत नाही."

मामंजींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी पाल्याच्या काड्या एकीकडे केल्या. मग म्हणाले, "बघट्ल्याविना कसं सांगू? दाखव आधी."

ती गेल्यावर मी विचारलं, "मामंजी, खरंच येणार तुम्ही सरडे बघायला?"

"पोरगी बोलट्ली गे," ते म्हणाले. "इतक्या महिन्यांनी तोंड उघडून बोलट्ली. अत्ता येत नाही म्हणू काय?"

पहिलं दुकान एका बाजाराच्या गल्लीत होतं. पोपट, ससे, मासे, सगळं एकावर एक. काचेच्या एका पेटीत बोटाएवढी पिल्लं नुसती रचलेली. काहींची बोटं तुटलेली होती, एकाच्या शेपटीचं टोक काळं पडलं होतं. गर्दीत एकमेकांना चावतात, भव्या म्हणाली. ती काचेला नाक लावून बघत होती आणि मला एकेक सांगत होती. डोळे टवटवीत आणि पूर्ण उघडे हवेत. शेपटीच्या मुळाशी मांस हवं, हाडं वर आलेली नकोत. चालताना पोट जमिनीवरून उचललं पाहिजे. मागची बाजू स्वच्छ हवी. मी इतकी वर्षं गाड्यांचे भाग तपासतेय, पण इतक्या मन लावून तपासणारी मुलगी माझ्या खात्यात एकही नाही.

पेटीच्या कोपऱ्यात एक पिल्लू होतं. त्यानं पुढचा एक पाय वर उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"बोलवतो बघ," मामंजी म्हणाले. दुकानात आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते आणि पेटीपासून चांगले लांब उभे होते.

"बोलवत नाही, तात्ता. घाबरट्लाय तो. मोठ्यांना सांगतो, मी लहान आहे, मला मारू नका."

आम्ही तिथे होतो तोवर मामंजींची नजर त्या पिल्लावरून हलली नाही. एरवी झाडू धरणारा त्यांचा उजवा हात त्यांनी पाठीमागे धरला होता.

ही पिल्लं आली कुठून, कागदपत्रं काय, असं मी विचारलं तर दुकानदार आवाज चढवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भव्या म्हणाली, "इथून नको." इतक्या लांबून हौसेनं आलेली पोर स्वतःहून नको म्हणाली, याचं मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी आम्ही एग्मोरला श्रीवत्सकडे गेलो. हा तिशीतला मुलगा, आईवडिलांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत हेच प्राणी वाढवतो. सगळी नोंदणी केलेली, सगळं उघड. मे महिन्याची ती गच्ची, त्यावर पत्र्याचं छप्पर आणि आत प्रत्येक पेटीवर ऊन पाडणारा दिवा. मला वाटलं, मी इथेच वितळणार. चेन्नईच्या उन्हाळ्यात सुखी असलेले जीव मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. दिव्याखाली तोंड उघडं टाकून ते पडले होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

श्रीवत्सनं दाखवण्याआधी आम्हांलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला ते आवडलं. मुलीला स्थळ बघणारा बाप असतो तसा तो एकेक तपासून घेत होता.

"दिवसा घरी कोण असतं?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"मी," मामंजी म्हणाले.

भव्यानं वळून त्यांच्याकडे बघितलं. मामंजी समोरच्या भिंतीकडे बघत होते. आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही आत्ताच कळलं असावं.

"हे दहा-बारा वर्षं जगतात, सर. पिल्लू घेतलंत तर तेवढी जबाबदारी."

"तितकी वर्षं मी राहत नाही," मामंजी शांतपणे म्हणाले. "पोरगी राहील."

भव्या खाली बघायला लागली. मला श्रीवत्सचा राग आला, पण त्याचं चूक नव्हतं.

मग त्यानंच सुचवलं. त्याच्याकडे एक मोठी झालेली मादी होती. तिला पाळणारं कुटुंब परदेशी गेलं आणि तिला परत देऊन गेलं. पिल्लांना दिवसातून अनेकदा जिवंत किडे लागतात. मोठी झाली की मुख्यतः पाला आणि फुलं, किडे अधूनमधून. ते ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो, आणि फ्रिजमध्ये अळ्यांचा डबा ठेवायची कल्पना मी मनाच्या एका कोपऱ्यात ढकलून आले होते.

"शेवग्याचा पाला खाते काय?" मामंजींनी विचारलं.

"आवडीनं खाते, सर. भोपळा खाते, जास्वंदीचं फूल खाते."

"आणि किडे?"

"आठवड्यातून थोडे."

मामंजींनी विचार केला. "एकादशीला नको," ते म्हणाले.

"एकादशीला जास्वंद द्या, सर," श्रीवत्स तितक्याच गंभीरपणे म्हणाला. हा मुलगा मला तेव्हा फार आवडला.

त्यानं तिला पेटीतून काढलं. हातभर लांब, तांबूस वाळूचा रंग, डाव्या पुढच्या पायाचं एक बोट नव्हतं. लहानपणी गर्दीत गेलं, तो म्हणाला, बाकी तब्येत उत्तम. भव्या फरशीवर मांडी घालून बसली. तिनं आधी डोळे बघितले, मग शेपटीचं मूळ, मग हळूच उलटं धरून पोट. सगळं मनासारखं झाल्यावर तिनं हात जमिनीला टेकवून तसाच ठेवला. मादी जरा वेळ विचार करत राहिली आणि मग तिच्या हातावर चढली.

मामंजी काठी मांडीवर आडवी ठेवून दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. मग ऐकू आलं, एकेका अवयवाचं नाव आणि मागोमाग तमिळमधलं 'सरी', म्हणजे ठीक.

"डावा हात. सरी. डावं मनगट. सरी, चांगलं."

सरडी मनगटावरून कोपरापर्यंत आली आणि कोपरावरून वर खांद्यावर.

"डावा खांदा. बायकांना चांगला," मामंजी स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो सगळा उन्हाळ्याचा नव्हता. मला त्यांना म्हणावंसं वाटलं, की मामंजी, पुरे, ही शाळकरी पोर आहे आणि हा पाला खाणारा प्राणी आहे. पण माझ्याही मनात त्या वेळी शंकेची पाल चुकचुकलीच. दोन वर्षांपूर्वी मी हसले असते. आता मला नीट हसता येत नाही.

खांद्यावर सरडी थांबली. मान वळवून तिनं खोली बघितली. मग तिनं पुढचे दोन्ही पाय भव्याच्या वेणीत रोवले आणि वर चढायला लागली.

"त्यांना सगळ्यात उंच जागा लागते," श्रीवत्स हसत म्हणाला. "डोक्यावर बसल्याशिवाय चैन पडत नाही."

मामंजी उठले. काठी खाली पडली. ऐंशीपुढचा माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं, आता ते तिला झटकून टाकणार, ती फरशीवर आपटणार, आणि त्यानंतर भव्या त्यांच्याशी कधीही बोलणार नाही. मी "मामंजी" म्हणून ओरडलेसुद्धा.

त्यांनी झटकलं नाही. ते भव्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि आपला हात तिच्या कानापाशी, सरडीच्या वाटेत आडवा धरला. सरडीनं तो नाकानं चाचपला. तो हात तिला वेणीपेक्षा सोयीचा वाटला असावा. ती त्यावर चढली. इस्त्रीच्या बाहीवरून नखं रोवत ती मामंजींच्या कोपरापर्यंत आली, तिथून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर. मामंजींनी डोळे मिटले आणि डोकं थोडं पुढे झुकवलं, तिला चढायला सोपं जावं म्हणून. ती त्यांच्या टकलावर जाऊन बसली आणि तिथे बसून तिनं खोली बघितली.

"काढू का, सर?" श्रीवत्सनं विचारलं. तो आता हसत नव्हता.

"राहू दे," मामंजी म्हणाले. "माझ्यावर बसू दे. तेच्यात काय? मी पिकलेला आहे. तिच्यावर नको."

त्यांनी माझा हात धरला आणि एकेक गुडघा उचलून, मान न हलवता, सरळ उभे राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते गिळत होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "मामंजी, आमच्या सांगलीकडच्या पंचांगात डोक्याला राज्यलाभ सांगितलाय." आजी असं म्हणायची एवढं मला अंधुक आठवत होतं.

"राज्य?" मामंजी डोळे मिटूनच म्हणाले. "तंजावरचं राज्य जाऊन कैक पिढ्या झाल्या गे. अत्ता कोण देणार परत?"

भव्या फरशीवरच बसून वर बघत होती. पोरीला सगळं कळलं होतं. ज्या जिवाला ते दोन वर्षं मारत आले, त्याला त्यांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि ते का घेतलं होतं, ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठली. कुर्ता खाली ओढून नीट केला आणि वाकून तिनं मामंजींच्या दोन्ही पावलांना हात लावले.

मामंजींना मान खाली करता येत नव्हती. पायाला स्पर्श झाला तसे ते दचकले. "काय करते ती?" त्यांनी मला विचारलं.

"नमस्कार करतेय तुम्हांला."

"तू सांगट्लीस?"

"नाही, मामंजी. मी काही नाही सांगितलं."

भव्या उभी राहिली. मला वाटलं, झालं. पण ती पुन्हा वाकली. या वेळी तिनं गुडघे टेकले, कपाळ त्यांच्या पावलांवर ठेवलं आणि तशीच राहिली. श्रीवत्स मागे सरकून भिंतीला टेकला. खोलीत नुसते दिवे गुणगुणत होते.

"दोनदा कशाला गे?" मामंजी म्हणाले.

"हा अप्पांचा," भव्या खालूनच म्हणाली. "ते संध्याकाळी करणार होते ना."

मामंजींच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं ते गालांवरून खाली शर्टावर पडलं. त्यांनी ते पुसलं नाही. डोक्यावरचा जीव पडेल म्हणून ते हलत नव्हते. एक हात मात्र त्यांनी चाचपत खाली नेला. तो भव्याच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी तिला दंडाला धरून जरा वर उचललं. मग पोचला.

"झालं," ते म्हणाले. "केला तेनं. झालं." आणि पुन्हा दोन-तीनदा तसंच म्हणाले.

मला रंगाचा राग दोन वर्षं पुरला होता. तो राग त्या पत्र्याच्या खोलीत गेला, आणि त्याच्या जागी तो नाही एवढंच उरलं. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

घरी येताना ऑटोत भोकं पाडलेला खोका मामंजींच्या मांडीवर होता. भव्याचा हात झाकणावर होता आणि मामंजींचा हात भव्याच्या हातावर. मांबलम स्टेशनच्या पुलाखालून ऑटो वळली तेव्हा तिघांनीही पुलाकडे बघितलं. एरवी आम्ही तिघंही तिथे दुसरीकडे बघतो.

घरी पोचल्यावर मामंजींनी खोका भव्याकडे दिला आणि दारातच थांबले. "आत आणू नको अजून," ते म्हणाले. ते स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आले आणि मला धरायला लावलं. त्यांनी चौकटीवरची मोरपिसं काढली. मग ट्यूबलाइटमागची, मग फ्रिजवरची, मग भव्याच्या खोलीतली. एकेक खोली करत ते फिरले. भव्या खोका छातीशी धरून दारातच उभी होती.

"मामंजी, उद्या काढू की," मी म्हटलं. "तुम्ही दमला आहात."

"उद्या कशाला?" ते बाथरूमच्या खिडकीकडे जात म्हणाले. "नवीन जागा आहे. हे बघून ती घाबरेल गे."